संपाच्या बाजूने

मला ‘लवचीक’ या शब्दाची शिसारी आहे. पूर्वी नव्हती. पालिकेच्या शाळेत मराठी शिकवताना रबर, वेत, कोवळी फांदी अशी उदाहरणं मीच फळ्यावर लिहीत असे. पण एका संस्थेच्या छापील अर्जात ‘आपला समुदाय हवामानबदलाच्या संदर्भात किती लवचीक आहे, ते थोडक्यात लिहा’ असं वाचलं आणि तो शब्द माझ्या मनातून उतरला तो उतरलाच. समुदाय म्हणजे करी रोडची आमची चाळ. हवामानबदल म्हणजे वरच्या मजल्यावरचे सिमेंटचे पत्रे. आणि लवचीक म्हणजे बहुधा माझे वडील, ज्यांना खाटेवरून उठायला तेव्हा दोन्ही हात टेकावे लागत.

अर्ज छोट्या अनुदानाचा होता. वस्तीतल्या लोकांनी ऊन, पाऊस, तुंबणारं पाणी यांवर आपल्यापुरता काहीतरी उपाय स्वतः ठरवायचा, स्वतः करायचा आणि खर्च संस्थेने द्यायचा. कल्पना चांगली होती, हे आधी कबूल करून टाकते. पुढे जे झालं त्यात कल्पनेचा काही दोष नाही. दोष माणसांचा आहे आणि त्या माणसांत मी आहे.

आमची खोली वरच्या मजल्यावर, थेट पत्र्याखाली. पूर्वी तिथे कौलं होती. मालकाने ती काढून पत्रे टाकले, त्याला कित्येक वर्षं झाली. एप्रिल उजाडला की दुपारी फळीवरचे स्टीलचे डबे हाताला चटके देत. पंखा लावला की गरम हवा खाली येई, बंद केला की जीव गुदमरे. वडिलांची छाती गिरणीतच गेलेली. आयुष्यभर कापसाची धूळ ओढून फुप्फुसांची चाळण झाली होती. अर्जाच्या आदल्या वर्षी मे महिन्यात त्यांना दोनदा इस्पितळात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाला, यांना गार जागेत ठेवा, आणखी एक असा उन्हाळा झेपणार नाही. गार जागा कुठे मिळते ते त्याने सांगितलं नाही.

वडील साच्यावर होते, म्हणजे मागावर. त्या खात्यातल्या खडखडाटाने माणसाचे कान दहा-बारा वर्षांत जात. ही माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत, हातांनी खुणा करत. घरीसुद्धा आम्ही त्यांच्यासमोर जाऊन, तोंड नीट हलवून बोलायचो. त्यांना हवेचं मात्र फार कळे. विणाईच्या खात्यात हवा दमट ठेवावी लागते, नाहीतर सूत तुटतं. ते म्हणत, “सुक्या हवेत धागो तुटता, मग माणूस कसो तुटाचो नाय?” म्हणून दर उन्हाळ्यात ते शिडी लावून पत्र्यावर चढत आणि ओली गोणपाटं पसरत. शेजारचे खालून ओरडत, काका, दोन आमच्यावर पण टाका. तेही टाकत. पुढे गुडघे गेले आणि गोणपाटं संपली.

आता संपाचं सांगायला हवं, कारण सगळं त्या एका शब्दावर येऊन ठेपतं.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी पाचवीत होते. वडील मला एकदा सभेला घेऊन गेले. वर कोणीतरी काहीतरी विचारलं आणि मैदानभर हात वर झाले. वडिलांनी आपला उजवा हात वर केला आणि डाव्या हाताने माझा धरून तोही वर केला. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. मग महिने गेले. आई दुसऱ्यांचे डबे करून देऊ लागली. चाळीतले बरेच जण गावाला निघून गेले. वडीलही एकदा गेले, नऊ-दहा दिवस. परत आले तेव्हा पिशवीत काही नव्हतं, ना आमसुलं ना फणसाची साटं. मी रुसून बसले. गावाहून आलेला माणूस फणसाची साटं आणत नाही म्हणजे काय? वडिलांच्या कानांत कापसाचे बोळे होते. एसटीत वारा लागू नये म्हणून माणसं घालत, तसे. ते त्यांनी रात्री जेवतानाही काढले नाहीत आणि आई त्यांच्याशी काही बोललीही नाही.

आमच्या मजल्यावर, जिन्याजवळच्या खोलीत एक कुटुंब होतं. तो माणूस वडिलांच्याच खात्यातला. संप चालू असताना तो कामावर गेला, मागच्या दाराने पोलीस नेत होते त्या माणसांबरोबर. बातमी चाळीत पोचली आणि त्या घराशी कोणी बोलेनासं झालं. नळावर त्याच्या बायकोची कळशी बाजूला सरकवली जाई. त्यांचा मुलगा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. मी त्याला लगोरीत घेतलं नाही. ‘फुटीर’ हा शब्द मी मराठीच्या पुस्तकातून शिकले नाही, आमच्या गॅलरीत शिकले आणि त्याच्यावर वापरला.

पुढे गिरणी बंदच पडली. आत गेलेले आणि बाहेर राहिलेले, सगळे सारखेच घरी बसले. वडिलांनी एका छापखान्यात रखवालदारी केली. संप काही कोणी रीतसर मागे घेतला नाही. त्यामुळे चाळीतल्या म्हाताऱ्यांचा एक विनोद होता. काय करता हल्ली, असं कोणी विचारलं की सांगायचे, “संपावर आहे.” पाहुणा गोंधळला की सगळे मिळून हसायचे. वडील त्या हसण्यात नसत, पण तेव्हा मला वाटायचं की त्यांना ऐकू आलं नसेल.

तर तो लगोरीत न घेतलेला मुलगा मोठा होऊन आमच्या चाळीचा सेक्रेटरी झाला. चटपटीत, सगळ्यांची कामं करणारा, ऑफिसांत ओळखी असलेला. अनुदानाचा अर्ज तोच माझ्याकडे घेऊन आला.

“ताई, तुमचं मराठी एक नंबर. भरून द्या ना. त्यांना स्टोरी लागते.”

“कसली स्टोरी?”

“म्हणजे कोणाला त्रास होतो, कसा होतो. इमोशनल पाहिजे जरा. काकांचं लिहा की.”

आणि मी लिहिलं. पत्र्यांवर ऊन परतवणारा पांढरा रंग आणि खाली चटयांचं छत, एवढीच मागणी होती. पण त्याआधी दीड पान वडील होते. त्यांचा खोकला मी असा रंगवला की वाचणाऱ्याला ऐकू यावा. ओल्या गोणपाटांना मी ‘पारंपरिक ज्ञान’ म्हटलं. ‘सुतासारखा तुटणारा श्वास’ असं एक वाक्य लिहिलं आणि ते मला इतकं आवडलं की दोनदा वाचलं. वडील तीन हातांवर खाटेवर पडले होते. आज ते पान समोर आलं तर मी हात धुऊन येईन.

अर्ज मंजूर झाला. संस्थेकडून एक तरुण मॅडम आल्या. सुती साडी, गळ्यात ओळखपत्र, बोलणं अगदी स्वच्छ आणि गोड. माझ्या लिखाणाचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. म्हणाल्या, “तुमचा अर्ज वाचून आमच्या ऑफिसात सगळे गप्प झाले होते.” मी लाजले. पन्नाशीची बाई, एका कौतुकाने लाजले. मग त्यांनी नियम सांगितला. काय करायचं ते चाळीच्या समितीने परस्पर ठरवायचं नाही. सगळ्या रहिवाशांची सभा घ्यायची, पर्याय मांडायचे आणि हात वर करून निवडायचं. एका खोलीमागे एक मत. आमची भाडेपावती वडिलांच्या नावावर, म्हणून मत त्यांचं.

सभेच्या आठवडाभर आधी सेक्रेटरीने दुसरा पर्याय काढला. अंगणात जमिनीखाली टाकी खणायची, पावसाचं पाणी साठवायचं, ते सार्वजनिक संडासांना वापरायचं. खालच्या दोन मजल्यांना ते पटलं. वरच्यांना गारवा मिळून आम्हाला काय, असं ते उघड बोलत होतेच. त्यात टाकी खणायचं काम सेक्रेटरीच्या मेव्हण्याचं, हेही सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. आमच्याकडे असल्या गोष्टींचं कोणाला काही वाटत नाही. तरी मी हिशेब मांडून बसले होते. वरच्या मजल्याच्या सगळ्या खोल्या आणि खालच्या सात-आठ ओळखीच्या, म्हणजे रंग सहज निवडून येत होता. वडिलांना मी घरी दोनदा समजावलं. “बाबा, रंगाचं विचारतील तेव्हा हात वर करायचा.” त्यांनी मान हलवली.

रविवारी सकाळी अंगणात खुर्च्या मांडल्या. वरच्या मजल्यावरचे गिरणीतले म्हातारे एका बाजूला, वडील त्यांच्यात पहिले. मी टेबलाशी वही घेऊन, कारण इतिवृत्त लिहायचं काम मॅडमनी माझ्यावर सोपवलं होतं. त्यांनी दोन चित्रं आणली होती, एक टाकीचं, एक रंगवलेल्या पत्र्यांचं. त्या बराच वेळ बोलल्या. म्हाताऱ्यांना त्यातलं अक्षर पोचत नव्हतं. त्या बोलताना चित्रांकडे तोंड करत आणि ओठ दिसत नसत.

मग मतदान घ्यायला सेक्रेटरी उठला. तो मॅडमकडे वळून टाकीबद्दल दोन वाक्यं बोलला. मग चालत म्हाताऱ्यांसमोर गेला, वाकला आणि तोंड मोठं करून, एकेक अक्षर ओठांवर स्पष्ट मांडत म्हणाला, “संप. संपाच्या बाजूने कोण कोण?”

जमिनीखालच्या टाकीला इंजिनियर आणि कंत्राटदार संप म्हणतात. इंग्रजी शब्द आहे, आमच्या शब्दाशी त्याचं काही नातं नाही. अर्जात कुठेही तो नव्हता, मी स्वतः ‘टाकी’ लिहिलं होतं. आठवडाभर सेक्रेटरीही टाकीच म्हणत होता.

वडिलांचा हात वर गेला. सगळ्यांत पहिला. खांद्यातून पूर्ण ताठ, मैदानात गेला होता तसा. त्यांच्याकडे बघून बाजूच्या म्हाताऱ्यांचे गेले, एकामागून एक, सहा हात. त्यांच्यातला एक तर उठून उभा राहिला. मॅडमचा चेहरा फुलला. त्यांनी पटापट फोटो काढले.

मला त्याच क्षणी कळलं. टेबलापासून वडिलांची खुर्ची दहा पावलांवर होती. त्यांना हाक मारून उपयोग नव्हता, समोर जाऊन सांगावं लागलं असतं, सगळ्यांदेखत हात धरून खाली करावा लागला असता. मॅडमनी नुकतंच माझं कौतुक केलं होतं. माझ्या बापाला काय चाललंय ते कळत नाही, हे त्यांना दिसावं अशी माझी तयारी नव्हती. आणि तरीही रंग जिंकेल, असं मी मनाशी म्हटलं. मी जागची हलले नाही.

मग रंगाचं विचारलं. सेक्रेटरीने ते आपल्या जागेवरूनच, पाठमोरं विचारलं. वरच्या मजल्यावरचे हात वर झाले. ते बघून वडिलांनी पुन्हा हात वर केला.

“काका, एकालाच मत देता येतं हं,” मॅडम लाडाने म्हणाल्या आणि लोक हसले. वडिलांना हसणं दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत मान घातली होती.

चार हातांच्या फरकाने टाकी जिंकली. इतिवृत्तात मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘संप बहुमताने मंजूर.’ टाकी असं लिहायचं सुचलं नाही की मुद्दाम लिहिलं नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी मी सेक्रेटरीला जिन्यात गाठलं.

“अरे, लाज वाटत नाही तुला? म्हाताऱ्यांना फसवलंस.”

“ताई, फसवलं काय त्यात? इंजिनियर लोक संपच बोलतात. विचारा कोणालाही.”

“तुला चांगलं माहीत होतं ते काय समजतील.”

त्याने स्कूटरची चावी काढली. मग ती बोटाभोवती फिरवत म्हणाला, “ती माणसं दुसऱ्या कशाला हात वर करत नाहीत, ताई. आणि तुमच्या बाबांचा तर पहिला येणार, मला माहीतच होतं.”

तुमच्या बाबांचा तर, म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. गिरणीत आत गेलेल्या माणसाचा मुलगा, रक्तातच आहे, असं मी मनात म्हटलं आणि ते म्हणताना मला बरं वाटलं.

त्या टाकीचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. खणताना शेजारच्या गटाराचा पाइप दुखावला. तो नीट न करताच वरून माती लोटली. पावसाळ्यात टाकीत जे जमलं त्याला पाणी म्हणणं म्हणजे पाण्याचा अपमान. झाकण उघडलं की तिसऱ्या मजल्यापर्यंत घाण वास येई, जेवताना घास फिरे. अळ्या झाल्या, पालिकेच्या माणसाने पावडर टाकली, नोटीस चिकटवली. शेवटी समितीने वर लादी टाकून टाकी कायमची बंद केली. आता त्या लादीवर सेक्रेटरीची स्कूटर उभी असते. संस्थेने आपल्या अहवालात लिहिलं की या प्रकल्पातून मोलाचं शिकायला मिळालं. काय शिकायला मिळालं ते तिथे लिहिलेलं नाही. अहवाल मी सबंध वाचला, मला ओकारी यायची बाकी होती.

पण हे नंतरचं. त्या उन्हाळ्यात खोदकाम नुकतंच सुरू झालं होतं आणि अंगणातल्या भिंतीवर भलामोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर हात वर केलेले माझे वडील. खाली लिहिलेलं, ‘ज्येष्ठांचा हात, बदलाला साथ.’ सदरा विटका, तोंड किंचित उघडं, डोळे कुठेतरी लांब. मी रोज शाळेत जाताना मान खाली घालून त्याखालून जायची.

वडील गॅलरीत बसून खोदकाम बघत. मे लागला तसा त्यांना रात्री बसून काढाव्या लागू लागल्या. दुपारी मी ओली चादर दोरीवर टाकायची, ती अर्ध्या तासात कडकडीत व्हायची. मागच्या वर्षीच्या डॉक्टरचं वाक्य माझ्या कानात घणघणत होतं. शाळेला सुट्टी लागली होती, त्यामुळे ती धाप मला दिवसभर ऐकावी लागे.

एका दुपारी धाप लागून त्यांचे ओठ काळेनिळे पडले. औषधाचा वाफारा दिला, तासाभराने श्वास थोडा खाली बसला. आणि मला धीर यायच्या ऐवजी संताप आला. मी त्यांच्यासमोर बसून, तोंड नीट हलवून म्हटलं, “कशाला केलात हात वर? एक शब्द ओठांवर दिसला की झालं? काय विचारतायत ते बघायचं नाही?”

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग हळूहळू, श्वासाला थांबत म्हणाले, “पयला नाय कळला. हात वर गेल्यावर कळला. त्या बाईच्या हातात चित्र होता.”

“मग खाली का नाही घेतलात?”

“एकदा घेतलेलंय.”

मला अर्थ लागला नाही. मी पुन्हा विचारलं.

“तेव्हा गावाक नाय गेलेलंय,” ते म्हणाले. “आत होतंय. गिरणीत. नऊ दिवस.”

खालून कोणीतरी स्कूटर चालू करत होतं. मी वडिलांच्या कानांकडे बघितलं. एसटीतला वारा. कानांत एवढा कापूस कोण घालतं, हे पाचवीतल्या मुलीला कळायला नको होतं, पण पन्नाशीच्या बाईला कधीतरी सुचायला हवं होतं. साच्यावर काम करणारी माणसं कानांत बोळे घालत. नऊ दिवस तो खडखडाट ऐकून आलेला माणूस ते काढायला विसरला होता, किंवा आई काय बोलेल ते त्याला ऐकायचं नव्हतं.

“का गेलात?” मी विचारलं.

“ता इचारू नको.”

मी विचारलं नाही. पण दुसरं विचारलं. “जिन्याजवळचे काका तिथे होते?”

“आम्ही शेजारीच झोपायचो. माका काम सोडून येवचा होता, तेना वाट करून दिली. तो मागे रवलो. कोणाक काय बोललो नाय.”

तो कोणाला काही बोलला नाही. म्हणजे चाळीने त्याला वाळीत टाकलं, तेव्हा एका वाक्यात तो माझ्या बापाला स्वतःशेजारी उभा करू शकला असता. त्याने केलं नाही. त्याच्या मुलाला मात्र घरात माहीत होतं. लगोरीच्या बाहेर उभा राहून माझ्याकडे बघताना त्याला माहीत होतं. जिन्यात चावी फिरवतानाही. आणि मी ज्याला रक्तातलं म्हटलं ते माझ्याच रक्तात होतं.

खरं सांगायचं तर त्या घटकेला मला वडिलांचीही किळस आली. धाप लागलेल्या, गादीला टेकलेल्या म्हाताऱ्या बापाची. त्या ‘फुटीर’ शब्दावर मला लहानपणापासून इतकं पोसलं होतं की ते आपोआप वर आलं. पोटातून आलं आणि गेलं, पण आलं. त्याची लाज मला त्यांच्या नऊ दिवसांपेक्षा जास्त वाटते.

थोड्या वेळाने वडिलांनी मला खुणेने जवळ बोलावलं. गॅलरीकडे बोट केलं. “तो फलक काढ. पत्र्यार घाल.”

“फ्लेक्स?”

“मागसून पांढरो हा. वाऱ्यान फुगता तेव्हा मी रोज बघतंय. पांढऱ्यार ऊन थारत नाय. तोंड खाली करून घाल.”

उन्हं कलल्यावर मी अंगणात गेले. फ्लेक्सच्या खालच्या दोऱ्या सोडल्या, वरच्या हाताला येईनात. मी खुर्ची शोधत होते तेवढ्यात सेक्रेटरी आला. स्कूटर लावली, माझ्याकडे पाहिलं, फ्लेक्सकडे पाहिलं. मला वाटलं आता विचारेल, संस्थेच्या मालाला हात कसा लावला. त्याने कंपाउंडवर पाय देऊन वरच्या दोऱ्या सोडल्या. गुंडाळी खांद्यावर घेतली आणि तीन मजले चढून गेला. शिडी कुठे ठेवलेली असते ते त्याला ठाऊक होतं. पत्र्यावरून त्याने मला विचारलं, “ताई, तोंड वर की खाली?”

“खाली.”

त्याने कडांवर विटा ठेवल्या, शेजारच्या पत्र्यावर उरलेला भाग ओढून घेतला, उतरून हात झटकले. मी आभार मानले नाहीत. म्हाताऱ्यांना त्याने फसवलं होतं आणि माझ्या बापाच्या शरमेचा वापर करून फसवलं होतं, ते मला आजही विसरता येत नाही. त्याच्या हातची मदत घेताना माझ्या अंगावर शहारा आला आणि ती मी घेतली.

खोलीत आले तेव्हा वडील वर पत्र्याकडे बघत पडले होते. गार झालं असं म्हणता येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी डब्यांना हात लावता आला आणि त्या उन्हाळ्यात आम्हाला इस्पितळाची पायरी चढावी लागली नाही.

“वर कोण चढलो?” वडिलांनी विचारलं.

मी जिन्याजवळच्या खोलीकडे बोट केलं.

त्यांनी डोळे मिटले. “बापाशीसारखोच तो,” म्हणाले. “खय बोलाचो नाय.”

मी चादर ओली करायला मोरीत गेले. मला माझी आई आठवली. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, जिन्याजवळच्या खोलीतली बाई दारात तबक घेऊन उभी होती आणि आई माझा हात घट्ट धरून, मान ताठ ठेवून तिच्यासमोरून पुढे निघून गेली होती. तेव्हा मला तिचा अभिमान वाटला होता. आणि आईला सगळं माहीत होतं.